दोन इंच हवा

मास्टरांच्या दुकानात शिरलेला पुरुष बाहेर पडायचा तेव्हा दोन इंचांनी रुंद झालेला असायचा. हे कसं घडतं ते त्या रस्त्यावर फक्त दोघांना ठाऊक होतं. ते दोघे नवराबायको होते, त्यामुळे गुपित अगदी सुरक्षित होतं असं तूर्तास धरून चालू.

दुकान कोटांचं. पुढे लांब टेबल, भिंतीला माणसापेक्षा उंच आरसा, आरशासमोर मापाला उभं राहायला वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा. मागे जाड पडदा, आणि पडद्यामागे मोठी कात्री, मशीन आणि वहिनी. वहिनी म्हणजे मास्टरांची बायको. अख्खा रस्ता त्यांना वहिनी म्हणे, त्यांच्या बापाच्या वयाची माणसंसुद्धा. माप मास्टर घ्यायचे, कापड वहिनी कापायच्या. गिऱ्हाइकांना वाटे, मास्टर कापतात आणि वहिनी मागे बसून काजं-बटणं करतात. दोघांनीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. बाईने कापलेला कोट आहे म्हटल्यावर अर्धे मर्द ठोकळ्यावरून खाली उतरले असते.

आता ती दोन इंचांची गंमत. गिऱ्हाईक ठोकळ्यावर चढलं की मास्टर टेप छातीभोवती फिरवत, डोळे बारीक करत, दाद दिल्यासारखी मान हलवत आणि लिलावात बोली लावावी तशा आवाजात पुकारत, "चाळीस!" टेप म्हणत असे अडतीस. पडद्यामागून वहिनींचा आवाज यायचा, "हं." आणि वहिनी खडूने खूण करायच्या ती अडतीसची. वरचे जे दोन, त्यांना दोघे आपापसात ‘हवा’ म्हणत. हवा आकड्यात असायची, कापडात नसायची. त्यामुळे कोट अंगाला चोख बसे आणि मन आकड्यावर खूश राही. बाकावर वाट बघत बसलेली चार माणसं तो आकडा ऐकत, ठोकळ्यावरच्या गड्याकडे नव्याने बघत, आणि गडी श्वास सोडायचा विसरून जाई.

"मास्टर, गेल्या वेळी एकोणचाळीस होती ना हो?"

"वाढलात. खाता काय सांगा तरी आम्हाला."

असा तो धंदा. कुणाचं नुकसान नाही, कुणाची फसवणूक म्हणावी तर फसणारा स्वतः पैसे मोजून, हसतमुखाने फसत होता.

दुकानासमोर सिनेमाचं थिएटर होतं. त्याच्या कपाळावर हिरोचं दोन मजली चित्र टांगलेलं असे. मास्टर त्या चित्राला आपला हवामान खात्याचा अंदाज म्हणत. हिरो बारीक, केसांचा भांग पाडलेला, डोळ्यांत पाणी आणणारा असा होता तेव्हा गिऱ्हाइकं येऊन सांगत, "कंबर बारीक दाखवा मास्टर, जरा कवीसारखं वाटलं पाहिजे." मग मिशीवाला रागीट हिरो आला. त्या वर्षी रस्त्यावरच्या झाडून सगळ्या कारकुनांना खांदे हवे झाले. मास्टरांनी खांद्यांत इतका कापूस भरला की दोन कारकून शेजारून गेले तर कोट एकमेकांना घासत. त्यानंतर चित्रातल्या हिरोने सदराच काढून टाकला. ते दिवस मास्टरांना वाईट गेले. उघड्या अंगाचा कोट कसा शिवायचा? पण माणसं त्यावरही तोडगा घेऊन आली, "कोट असा शिवा मास्टर, की आत तसलं काहीतरी आहे असं वाटलं पाहिजे." पुढे थिएटर बंद पडलं, चित्र उतरलं, आणि हिरो प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसला. आता गिऱ्हाईक फोन पुढे करून दोन बोटांनी चित्र मोठं करी आणि म्हणे, "हे असं." मास्टर एकदा चित्राकडे बघत, एकदा गिऱ्हाइकाकडे बघत, आणि आकड्यात हवा भरत.

ही हवा आली कुठून, तेही सांगायला हवं. दुकान नवं होतं तेव्हा एक किडकिडीत तरुण लग्नाच्या कोटासाठी आला. सोबत होणारे सासरे. मास्टर तेव्हा जे दिसेल ते पुकारायचे. त्यांनी पुकारलं, "बत्तीस!" सासऱ्यांनी नाकातून आवाज काढला. बाकावरचा एकजण म्हणाला, "कोट कशाला, बाही शिवा एक, त्यातच मावेल." सगळे हसले. तरुणही हसला, सगळ्यांपेक्षा जास्त हसला. कोट झाला सुरेख, पण तो न्यायला तरुण कधी आलाच नाही. लग्न झालं की मोडलं, कुणास ठाऊक. कोट खुंटीवर राहिला. मास्टर रोज त्याच्याकडे बघून हळहळत. शेवटी वहिनींनीच तोड काढली.

"आकडा ओरडता कशाला खरा? कोण टेप घेऊन बसलंय तपासायला? तुम्ही दोन चढवून सांगा, मी दोन उतरवून कापते."

"आणि चुकलीस तर?"

"तुमचं बोलणं आणि माझं ऐकणं, यात चुकायला तिसरा आहे कोण?"

मास्टरांना हे वाक्य फार आवडलं. संसार म्हणजे असाच असावा, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

मास्टर स्वतः कोट घालून दुकानात बसत. दर दोन-चार वर्षांनी वहिनी त्यांना नवा शिवून देत. शिंप्याला आपली छाती आपण मोजता येत नाही. हात वर केले की टेप घसरते, हात खाली घेतले की दंडांचं माप येतं. म्हणून मास्टरांचं माप वहिनी घेत आणि हसून सांगत, "अडतीस. जशीच्या तशी." हा आकडा म्हणजे मास्टरांची खरी मिळकत. दिवसभर लोकांच्या छात्यांत हवा भरून झाली की चहा पिता पिता ते वहिनींना म्हणत, "बघ, येतात सगळे पोकळ. या रस्त्यावर हवेवाचून उभा राहणारा एकच." वहिनी कपाला तोंड लावत. मास्टरांचं बोलणं मऊ, हात मऊ, डोळे तर इतके मऊ की गिऱ्हाइकाच्या घरची वाईट बातमी ऐकली तरी भरून यायचे. गल्लीतले लोक त्यांना मागे ‘लोणी’ म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणू देत. त्या सगळ्यांचे खरे आकडे त्यांना माहीत होते, आणि आपला आकडा खरा आहे ही खात्री होती. तेवढ्यावर त्यांचं चालून गेलं.

आता येतो काडी. वहिनींचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेल्यामुळे तो मास्टरांच्या घरीच वाढला. अंगाने इतका बारीक, की त्याला हाक मारायला काडीपेक्षा मोठा शब्द कुणाला सुचलाच नाही. मास्टरांनी त्याचा जीव लावून सांभाळ केला. त्याच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला त्यांनी असा कोट शिवला की आत काडी होती यावर कुणाचा विश्वास बसला नसता. काडी आरशासमोर उभा राहिला आणि रडला. मास्टरही रडले. वहिनी म्हणाल्या, "दोघांनी मिळून कोट भिजवू नका, इस्त्री मीच करायचीय."

काडीने नोकरी सोडली, व्यायामशाळेत गेला, आणि खरोखरच फुगला. हळूहळू फोनवर व्हिडिओ टाकायला लागला. ‘छातीठोक’ असं त्या कार्यक्रमाचं नाव. त्यात तो दाढी वाढवून, हाताची घडी घालून, मर्दाने कसं बसावं, कसं चालावं, बायकोला उत्तर किती शब्दांत द्यावं, रडू आलं तर काय गिळावं, हे सगळं समजावून सांगत असे. शेवटी दोन्ही हात फाकवून छातीवर एक दणका मारायचा आणि म्हणायचा, "आहे तो आहे!" लाखभर लोक ते बघत. मास्टरही बघत. पोरगं नावारूपाला आलं म्हणून त्यांना कौतुक होतं. गिऱ्हाइकांना ते सांगत, "माझा मेहुणा. माझ्या हातचा कोट घालून मोठा झाला."

एक दिवस काडी कॅमेरा घेऊन दुकानात आला.

"दाजी, तुमच्यावर व्हिडिओ करतोय. हाताने कोट शिवणारी माणसं राहिली कुठं आता?"

मास्टर लाजले. केसांना पाणी लावून आले. त्या दिवशी औषधांच्या दुकानाचे मालक कोटाचं माप द्यायला आले होते. ते ठोकळ्यावर चढले. मास्टरांनी कॅमेऱ्यासमोर नेहमीपेक्षा जास्त झोकात टेप फिरवली आणि पुकारलं, "बेचाळीस!"

"हं," पडद्यामागून आवाज आला.

काडी टेपच्या अगदी जवळ कॅमेरा घेऊन गेला होता. मास्टरांना वाटलं, कापडाचा पोत टिपतोय.

व्हिडिओ आला तो मास्टरांनी बघितला शेजारच्या सलूनवाल्याच्या फोनवर. सलूनवाल्याने अर्धी दाढी झालेल्या माणसाला तसंच सोडून मास्टरांना बोलावलं होतं. "मास्टर, तुमचं आलंय. बसा, बसा इथं खुर्चीवर." खुर्चीवर बसून, समोरच्या आरशात स्वतःकडे बघत मास्टरांनी तो बघितला. आधी टेप दिसली: चाळीस. मग त्यांचा आवाज: "बेचाळीस!" मग पुन्हा टेप. पुन्हा आवाज. तिसऱ्यांदा आवाज अगदी बारीक, चिरका केलेला, आणि मागे हसण्याचा कल्लोळ. मग काडी हाताची घडी घालून उभा. "मित्रांनो, हे दुकान नाही, हा कारखाना आहे. इथं खोटे मर्द शिवून मिळतात. यांना आतून घडायचं नसतं, यांना दाजींकडून हवा भरून घ्यायची असते."

सलूनवाला हसत होता. मग हसता हसता त्याने मास्टरांकडे बघितलं आणि फोन मागे घेऊ लागला. "राहू द्या मास्टर, पुढं काही विशेष नाही."

"दाखव."

"अहो, उगाच..."

"दाखव म्हटलं ना."

पुढे काडी कॅमेऱ्याकडे झुकून, गुपित सांगावं तशा आवाजात म्हणत होता, "आणि यावर कडी ऐका. जे दाजी दुसऱ्यांना हवा भरतात, ते स्वतः चारचौघांत सांगतात, माझी अडतीस आहे. आहे छत्तीस! माझी सख्खी ताई माप घेते. ती वर्षानुवर्षं त्यांना दोन वाढवून सांगतेय, आणि या भल्या माणसाला पत्ताच नाही! आहे तो आहे, दाजी!" दणका.

आरशातल्या अर्धी दाढी झालेल्या माणसाने खाली बघितलं. मास्टर उठले. खांद्यावरचा टॉवेल, जो त्यांना कुणी घातलाच नव्हता, तो झटकल्यासारखं करून बाहेर आले.

दुकानात येऊन त्यांनी दार लोटून घेतलं. अंगातला कोट काढला, टेबलावर उलटा पसरला, आणि ब्लेडने छातीकडच्या अस्तराची शिवण उसवली. आत कापूस होता. अगदी पातळ, चिकटून बसलेला, इतक्या हलक्या हाताने बसवलेला की बोटांना कळला तरी अंगाला कळू नये. टाके वहिनींचे होते. ते टाके ते अंधारातही ओळखू शकले असते. खुंटीवरचा त्यांचा जुना कोट काढला, तोही उसवला. त्यातही.

पडदा सरकला. वहिनी बाहेर आल्या. त्यांनी टेबल बघितलं आणि तिथेच थांबल्या.

"कधीपासून?" मास्टरांनी विचारलं.

वहिनींनी पदर बोटाला गुंडाळला. "लग्न झाल्यापासून."

"म्हणजे त्या बत्तीसवाल्याच्याही आधी."

"तुम्हाला पहिल्यांदा खरं सांगितलं तेव्हा तुमचं तोंड कसं झालं होतं ते तुम्हाला दिसलं नाही. मला दिसलं. दुसऱ्या वेळी मी दोन चढवले. मग तो मुलगा येऊन गेला, आणि माझ्या मनात आलं, जे घरात चालतं ते दुकानात का चालू नये?"

"आणि मी इतकी वर्षं तुझ्यापुढं बसून..." हवेवाचून उभा राहणारा एकच, असं आपण किती वेळा म्हणालो असू, हे त्यांना आठवायला लागलं, आणि प्रत्येक वेळी तोंडाला लावलेला वहिनींचा कप आठवायला लागला. "त्या पोराला तू सांगितलंस."

"तो रडत होता हो. त्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी. ताई, मी माणूस नाही, काडी आहे, म्हणून रडत होता. त्याला म्हटलं, वेड्या, सगळ्यांनाच लागते. तुझ्या दाजींनाही लागते. जवळ घेऊन सांगितलं. तो लगेच शांत झाला." वहिनींनी बोटावरचा पदर सोडला. "मला काय ठाऊक, तो ते इतकी वर्षं जपून ठेवेल आणि आज असं बाजारात मांडेल? तुम्हाला एकट्यालाच लागलं का?"

हे खरं होतं. पण मास्टरांच्या कानांत त्या क्षणी ते शिरलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं: साऱ्या रस्त्याने आपल्याला फसवलं असतं तरी चाललं असतं. पण ज्या एका तोंडातून आकडा खरा येतो असं वाटलं होतं, तेच तोंड.

दोघांमध्ये अबोला सुरू झाला. अबोला म्हणजे तरी कसला! चहा यायचा, पण टेबलावर न बोलता ठेवला जायचा. जेवण वाढलं जायचं, पण "आणखी?" असं विचारलं जायचं नाही. धंदा तर दोघांचा एकच. म्हणून मास्टर आकडे पुकारत आणि पडद्यामागून "हं" येई. दिवसभरात दोघांच्या तोंडून एकमेकांसाठी निघणारे शब्द तेवढेच. पुकारायलाही फारसं कुणी येत नव्हतं म्हणा. औषधवाले भर रस्त्यात येऊन ओरडून गेले होते, "मास्टर, तीस वर्षांचं गिऱ्हाईक मी! लोक दुकानात येतात आणि डोकेदुखीची गोळी मागायच्या आधी छाती विचारतात!" ज्यांना आकडा फुगवून मिळत होता म्हणून आनंद होता, त्या सगळ्यांना आता आठवलं की आपण फसवले गेलो. त्यांतले निम्मे रात्रंदिवस तोच व्हिडिओ एकमेकांना पाठवत होते, ती गोष्ट वेगळी.

अशात काडी पुन्हा आला. हसत.

"दाजी, रागावलात? अहो, तुम्हाला प्रसिद्ध केलं मी! केवढ्या लोकांनी बघितलं!"

मास्टर टेप गुंडाळत राहिले.

"बरं, ऐका. मला टीव्हीवर बोलावलंय. मोठी चर्चा आहे, आजचा पुरुष कसा असावा म्हणून. कोट पाहिजे, लगेच. आणि..." इथे काडीने दाराकडे बघून आवाज उतरवला. "खांद्यात थोडा कापूस घाला. नेहमीसारखा. छाती केलीय मी, पण खांदे अजून उतरतेच आहेत. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही हो."

पडद्यामागे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मास्टरांनी ठोकळ्याकडे बोट दाखवलं. काडी चढला. टेप फिरली. टेपवर होते त्रेचाळीस.

मास्टर थांबले. या माणसासाठी आपण खोटं का बोलायचं? त्याला हवी आहे ना खरी छाती? आहे तो आहे ना? आणि यापुढे कुणासाठीच का? या दुकानातली हवा आजपासून संपली, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि सरळ, कोरड्या आवाजात पुकारलं, "त्रेचाळीस."

"हं."

बस. इतकंच. ठरवलं ते त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं. बायकोशी बोलत नव्हते ना!

कोट घाईत झाला. काडी तो न्यायला आला, अंगात घातला, श्वास आत ओढून बटण लावलं आणि आरशात बघून खूश झाला. "वा! कसलेला! आतलं सगळं दिसतंय!" मास्टर त्याच्या मागे उभे होते. आणि पाठीकडे बघताक्षणी त्यांना समजलं. दोन खांद्यांच्या मधोमध कापडाला आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या आणि मधली शिवण ताणून पांढरी दिसत होती. कापडाला इतकी ओढ बसते तेव्हा ते अंगापेक्षा दोन इंचांनी कमी कापलेलं असतं. वहिनींनी ऐकलं त्रेचाळीस, आणि आजवरच्या सवयीने कापलं एक्केचाळीस.

तोंडातून एक वाक्य काढायचं होतं: काढ रे, पाठ सैल करून देतो. शिलाईत कापड सोडलेलं होतं, तासाभराचं काम. मास्टरांनी हात पुढे केला, पाठीवरची सुरकुती बोटाने सारखी केली. ती पुन्हा उमटली.

"शोभतो," मास्टर म्हणाले.

पडदा थोडा सरकलेला होता. त्या फटीतून वहिनी काडीकडे बघत नव्हत्या. त्या मास्टरांच्या बोटाकडे बघत होत्या.

चर्चा सगळ्या रस्त्याने बघितली. सलूनवाल्याने टीव्ही दाराकडे तोंड करून ठेवला होता, औषधवाले स्टूल घेऊन पुढे बसले होते. मास्टर आपल्या दुकानाच्या पायरीवर. वहिनी मागे, आत. काडी छान बोलत होता. चर्चा घेणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही शेवटचं कधी रडलात?" तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "माझ्या घराण्यात ती पद्धत नाही." मग नेहमीसारखे दोन्ही हात फाकवले, छातीवर दणका मारला, "आहे तो..."

पाठीची शिवण वरपासून खालपर्यंत गेली. उजव्या बाहीचा सांधा त्याच्या पाठोपाठ सुटला आणि खांद्यातून कापसाचा मोठा पांढरा गोळा बाहेर आला आणि तिथेच लोंबत राहिला. काडीने तो हाताने आत दाबला. तो दुसऱ्या बाजूने बाहेर आला. बाईंनी अगदी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं, पण कॅमेऱ्याने नजर वळवली नाही.

रस्त्यावर जो हशा झाला तो थिएटर चालू होतं तेव्हाही कधी झाला नसेल. औषधवाले उठून मास्टरांपाशी आले आणि त्यांची पाठ थोपटून म्हणाले, "मास्टर, मानलं! याला म्हणतात मर्दाचा सूड. तोंडातून अक्षर नाही, आणि सगळा हिशेब चुकता. कोण म्हणतं तुम्हाला लोणी?" बाकीचेही जमले. उद्याच कोट टाकतो म्हणाले. इतकी वर्षं ज्या मानाची मास्टर गुपचूप वाट बघत होते तो मान त्यांना मिळत होता, दारात, चारचौघांत. ते हसलेसुद्धा. आणि वळून आत गेले.

वहिनी टीव्हीचा आवाज येणार नाही अशा कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. अबोला त्यांनीच मोडला.

"तुम्ही खरा आकडा पुकारलात."

"हो."

"मला न सांगता."

"तू बोलत नव्हतीस."

"आणि कोट तंग झालाय हे तुम्हाला दिसलं. मी तुमचं बोट बघितलं, त्याचा अर्थ आज लागला. तरी म्हणालात, शोभतो." वहिनी शांतपणे बोलत होत्या, आणि मास्टरांना वाटलं, यापेक्षा ओरडलेलं बरं. "त्याने वाईट केलं. मी त्याच्या थोबाडीत मारणार होते, तुमच्यासमोर मारणार होते. पण तुम्ही माझ्या हाताने माझ्या भावाचे कपडे फाडलेत. माझ्या कानावर, माझ्या सवयीवर भरवसा ठेवून. मी तुम्हाला दोन इंच चढवून सांगितले ते तुमचं तोंड बघवेना म्हणून. तुम्ही कशासाठी?"

बाहेर कुणीतरी अजून हसत होतं. मास्टरांना म्हणायचं होतं, मला ठाऊक नव्हतं, मी मुद्दाम नाही. पण ते माप घेतलं त्या दिवसापुरतं खरं होतं. आरशासमोरच्या दिवसापुरतं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी वहिनींनी कुणाला इस्त्रीबद्दल काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी खरोखरच गिऱ्हाइकं आली. सर्वांत पुढे औषधवाले. ठोकळ्यावर चढले, हात पसरले, डोळे मिचकावून म्हणाले, "आता खरा सांगा हं मास्टर. आम्हाला काही फरक पडत नाही." आणि इतका श्वास भरून घेतला की कान लाल झाले. मास्टरांनी टेप फिरवली. आकडा बघितला. पुकारला.

पडद्यामागून "हं" आलं नाही.

मास्टरांनी पुन्हा पुकारला. कात्रीचा आवाज नाही, खडूचा नाही. मग पडदा सरकला आणि वहिनी बाहेर आल्या. आजवर त्या गिऱ्हाइकापुढे कधी आल्या नव्हत्या. त्यांनी मास्टरांच्या हातातून टेप घेतली, औषधवाल्यांना म्हणाल्या, "श्वास सोडा, भावजी," आणि स्वतः पुन्हा माप घेतलं. बाकावरचे सगळे बघत राहिले. आकडा मोठ्याने न म्हणता त्या आत निघून गेल्या.

दुकान आजही चालतं, आणि बरं चालतं. तिथे आता प्रत्येक छाती दोनदा मोजली जाते, एकदा मास्टर मोजतात, एकदा वहिनी. कारण कुणी विचारत नाही. मास्टर तो उसवलेला कोट घालूनच बसतात. आतला कापूस त्यांनी काढून टाकला आहे, त्यामुळे तो छातीवर जरा सैल पडतो. नवा शिवायचा तर माप घ्यायला लागेल. टेप वहिनींकडे असते, आणि मास्टरांनी अजून हात वर केलेले नाहीत.